ओसरीपर्यंत पोचेल एवढा आवाज

पिंपळवंडी, ६ ऑक्टोबर

चिरंजीव स्नेहलला आणि जावईबापूंना घरच्या सगळ्यांचा आशीर्वाद.

घरात सगळ्यांचं बोलणं-चालणं ठीक आहे, एक तुझा कॉम्प्युटर सोडून. दसऱ्यापासून त्याची वाचा गेली आहे. चित्र हलतं, आवाज नाही. काल रविवारी तू पडद्यावर आलीस, तोंड हलत होतं, हात हलत होते, आणि मी इकडून मुक्याला समजवावं तसा खाणाखुणा करत होतो. शेवटी मोबाईलवर बोललो. तू म्हणालीस, फोनवर बोलतोय ना बाबा, मग कॉम्प्युटरची एवढी घाई काय.

घाई आहे. उद्यापासून देवळात काकडा सुरू होतोय. दुपारी जुनी भजनं लावून चाली बसवायची माझी सवय तुला माहीत आहे. मोबाईलवर भजन म्हणजे डबीत कोंडलेला भुंगा. म्हणून हे मेल लिहितोय. फोनवर हे सगळं सांगता येत नाही, माणसं आसपास असतात. टाईप करायला वेळ लागतो, पण लागू दे.

मी काय काय केलं ते लिहितो. वरती उजव्या कोपऱ्यात कर्ण्याचं चित्र आहे, त्यावर फुली नाही. दाबलं की पट्टी येते, ती शेवटपर्यंत ओढलेली आहे. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मागची हिरवी वायर काढून, फुंकून, परत हिरव्या भोकात घातली. स्पीकरचा लाल दिवा लागतो. नारायणगावला एका रिपेअरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, लिनक्स हाय व्हय? घिऊन या, समदं पुसून विंडोज टाकून देतो." समदं पुसून म्हणाला आणि मी फोन ठेवला. परदेशी जाताना तू रात्रभर बसून हे सगळं मांडून दिलंस, ते मी कुणाला पुसू देणार नाही.

टोमॅटो बरे आहेत. कांद्याचं रोप टाकलं. आबा बरे आहेत. आई विचारते, तिकडे भाकरीचं पीठ मिळायला लागलं का?

तुझा बाबा

*

पिंपळवंडी, ९ ऑक्टोबर

स्नेहल बाळा,

तुझं उत्तर मिळालं. काळी खिडकी उघडून तू दिलेला अल्सामिक्सर हा शब्द टाकला. उभ्या नळ्या ओळीनं उभ्या राहिल्या, पाण्यानं कमी-जास्त भरलेल्या असाव्यात तशा. प्रत्येकीच्या पायाशी एक चौकट. चौकटीत दोन गोल असतील तर वाट उघडी, दोन एम असतील तर बंद, असं तू लिहिलंस. दोन ठिकाणी एम होते. बाणानं तिथवर गेलो, एम दाबला, गोल झाले. नळ्या वरपर्यंत भरल्या. आवाज मात्र आला नाही.

मला वाटायचं आवाज एकच असतो, कमी करा नाहीतर जास्त. इथे मुख्य नळी वेगळी, मागच्या भोकाची वेगळी, कानात घालायच्या यंत्राची वेगळी. एक वाट बंद असली की बाकीच्या सताड उघड्या असून उपयोग नाही. काकड्याला टाळ वाजवताना हेच डोक्यात होतं. ताल चुकला, धर्माजीबुवांनी डोळे वटारले.

आता पहिल्या मेलमध्ये जे लिहिलं नाही ते लिहितो. घाई भजनांची नाही.

तू जातीबाहेर लग्न केलंस तेव्हा आबा चारचौघांत म्हणाले, मी या नातीशी बोलणार नाही. आबांचा शब्द म्हणजे पाटाचं दार, एकदा टाकलं की टाकलं. ते तुझ्याशी बोलले नाहीत. पण ऐकणार नाही असं ते कुठे म्हणाले होते?

तू रविवारी दुपारी फोन करतेस, आणि आबांचा गुडघा रविवारीच दुखतो. एरवी चार वाजता पारावर असतात. रविवारी ओसरीत, कॉम्प्युटरच्या खिडकीखाली, खाटेवर दाव्याला पीळ घालत बसतात. वर्ष झालं, तेच दावं. कालवडीला बांधायचं होतं, तिची आता गाय झाली. तू बोलत असतेस तोवर त्यांचे हात थांबलेले असतात. मी खिडकीतून पाहतो आणि पाहिलं नाही असं करतो. मागच्या हिवाळ्यात एकदा जेवताना म्हणाले, "लोक म्हणत्यात, तिकडं थंडीत चार वाजताच दिस मावळतो." आईनं विचारलं, कोण लोक? म्हणाले, "लोकच."

मोबाईलवर तू कानाशी बोलतेस, ते ओसरीत ऐकू जात नाही. मोबाईल मोठ्यानं लावला तर त्यांना कळेल की आपल्यासाठी लावला, मग उठून जातील. कॉम्प्युटरचं बरं होतं. स्पीकर मोठा, आवाज सहज बाहेर जायचा, कुणी कुणावर उपकार करत नव्हतं.

काल तू सांगितलंस म्हणून स्पीकर घेऊन मंचरला रमणशेठच्या दुकानात गेलो. तुझ्या सासऱ्यांनी गिऱ्हाईक थांबवून तो आपल्या रेडिओला जोडला. खणखणीत वाजला. म्हणाले, "व्याही, स्पीकरमध्ये दोष नाही. दोष घरातच कुठेतरी आहे." दोघंही हसलो. चहा झाला. विहीणबाई कंचनबाईंनी आतून लाडूंचा डबा पाठवला, भिमाजीबाबांना द्या म्हणून. मी म्हटलं, घेतील का सांगता येत नाही. रमणशेठ म्हणाले, "नाही घेतले तर तुम्ही खा, पण ठेवा त्यांच्यासमोर. पूर्वी दिवाळीचा पहिला लाडू आमच्या दुकानात खायचे ते."

डबा मी आबांच्या खाटेजवळ ठेवला. संध्याकाळी तिथेच होता. आज सकाळी दोन लाडू कमी होते. आई म्हणते उंदीर.

एक बारीक गोष्ट. तू म्हणालीस तसं सेटिंगमध्ये आउटपुट पाहिलं. तिथे हेडफोन लिहिलंय. आपल्या घरात तर हेडफोन नाही. नुसतं नाव असेल म्हणून सोडून दिलं. काही अर्थ असेल तर कळव.

बाबा

*

पिंपळवंडी, १३ ऑक्टोबर

स्नेहल,

अर्थ होता. म्हणजे कॉम्प्युटरला असं वाटतंय की कुणीतरी कानात हेडफोन घालून बसलंय, म्हणून तो शहाण्यासारखा बाहेरचा स्पीकर आपणहून बंद करतो. समजलं. पण तुझं मेल आलं त्या दिवशीपासून शेतीच्या लायनीबरोबर घराची वीजही ये-जा करत होती, त्यामुळे कालच्या रविवारच्या आत काही करता आलं नाही. काल परत मोबाईलवर बोललो. तू विचारलंस, बाबा आवाज का पडलाय. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगतो.

आबा काल ओसरीत दावं घेऊन बसले होते. पडद्यावर तू, हातात माझा मोबाईल, ओसरीत शांतता. मी बोलत असताना त्यांनी एकदा खिडकीतून आत पाहिलं. तुझा चेहरा हलताना त्यांना दिसला. ते उठले, खाट उचलली आणि गोठ्याच्या पलीकडे नेऊन टाकली. बिबट्या फिरतोय, तिथे नका बसू म्हटलं तर ऐकेनात. संध्याकाळी आईजवळ म्हणाले, "मी ऐकतो ते कळलं आसल गोरखला. म्हणून आवाज बंद केला. ऱ्हाऊ दे, त्याची लेक हाय."

आईनं हे मला चुलीपुढे सांगितलं. मी ताट सरकवून उठलो. त्यांच्यापुढे जाऊन, आबा, यंत्र बिघडलंय हो, असं म्हणावं तर तुम्ही ऐकता हे मला माहीत आहे असं कबूल केल्यासारखं होतं. मग ते कायमचे उठतील. आणि न बोलावं, तर मी त्यांच्यासाठी मुद्दाम दार लावलं असंच त्यांना वाटत राहणार. एक्याऐंशी वय आहे. देवापुढे बसलो, पण जप होईना.

म्हणून आज सकाळी दूध घालून आलो ते थेट कॉम्प्युटरपुढे बसलो. अल्सामिक्सरमध्ये पार उजवीकडे गेलो. ऑटो-म्यूट होतं, ते वरच्या बाणानं डिसेबल केलं. मग तू दिलेली आवाज तपासायची ओळ टाकली, आणि एक बाई केवढ्यांदा बोलली, "फ्रंट लेफ्ट." मग दुसऱ्या बाजूनं, "फ्रंट राईट." मी हात जोडले, खोटं नाही सांगत. ती आपली लेफ्ट-राईट करत राहिली. आई पिठाच्या हातानं बाहेर आली.

तेवढ्यात गोठ्याकडून आबा म्हणाले, "कोन बाई आलीय रं?"

मी म्हटलं, कुणी नाही, मशीन बोलतंय.

थोडा वेळ ऐकून म्हणाले, "मला वाटलंच. आपली न्हाई ती. आपली आशी तुटक न्हाई बोलत."

मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण गाईवर उगाच मोठ्यानं ओरडायला लागले. आईनं तोंडाला पदर लावला.

मी मेल इथेच संपवणार होतो. पण दुपारी वीज गेली, आली, आणि कॉम्प्युटर चालू केला तर परत मुका. परत तेच हेडफोन. सकाळी केलेलं सगळं विसरला. आता काय करू?

बाबा

*

पिंपळवंडी, १६ ऑक्टोबर

स्नेहल बाळा,

आधी आनंदाची बातमी, मग बाकीचं. आवाज आला आहे, आणि बंद-चालू करूनही टिकला आहे.

तू दिलेली जपून ठेवायची ओळ टाकली. त्यानं पासवर्ड मागितला. मी अक्षरं दाबतोय आणि पडद्यावर काही उमटेना. कीबोर्ड गेला म्हणून आईवर ओरडलो, हिनंच पुसताना पाणी घातलं असेल म्हणून. मग तुझं मेल पुन्हा वाचलं. अक्षरं दिसत नाहीत, तरी पोचतात, दाबत राहा. हे आधी वाचायला हवं होतं. जपाचंही तसंच असतं, मला कळायला हवं होतं. आईची माफी मागितली. ती म्हणाली, कॉम्प्युटरला विचारून मागितलीत का?

पासवर्ड मी इथे लिहीत नाही, तू नको म्हणालीस. पण आबा तुला ज्या नावानं हाक मारायचे ते नाव कुणाला ओळखता येणार नाही म्हणून ठेवलंस, तर सांगतो, ते अख्ख्या आळीला पाठ आहे. आबा बांधावरून हाक मारायचे.

तू म्हणालीस, भोकात काहीतरी अडकलं असेल तर बघा, मूळ दुखणं तेच. कॉम्प्युटरचा डबा टेबलाखाली जमिनीवर असतो आणि हेडफोनचं भोक त्याच्या वरच्या अंगाला, आभाळाकडे तोंड करून. वीज काढून बॅटरीचा उजेड टाकला. आत पिवळं दिसलं. खराट्याची बारीक काडी घातली, तर टोकाला हळद. डबा उलटा धरून, ठसका लागलेल्या पोराला थोपटावं तसा पाठीत थोपटला. हळद पडली, कुंकू पडलं, आणि शेवटी तांदळाचा एक दाणा. अक्षत. तीच आतली पट्टी दाबून बसली होती.

आईला विचारलं. खंडेनवमीला कोयता, खुरपी, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर हिनंच पुजले होते. म्हणाली, "मी नाही हात लावला. विजेच्या वस्तूला हळद-कुंकू नको म्हणून स्नेहलनं बजावलंय."

घरात राहिलं कोण?

आबा गोठ्यात वैरण टाकत होते. मी तळहातावर ती अक्षत घेऊन गेलो. विचारलं, आबा, कॉम्प्युटर तुम्ही पुजला का?

"पुजला. घरातलं आवजार हाय ते. तुमी समदे ट्रॅक्टरपाशी व्हता, हे बिचारं तसंच राहिलं. नांगर पुजायचा, कोयता पुजायचा, आन् ज्यातनं..." आणि थांबले.

ज्यातनं काय, आबा?

पेंढी सोडवत म्हणाले, "ज्यातनं तुजी भजनं वाजत्यात."

हात थरथरतात त्यांचे आता. पाणी पितानाही पेला हलतो. टेबलाखाली वाकून त्या डब्यावर त्यांनी हळद-कुंकू कसं वाहिलं असेल, गुडघ्याचं काय झालं असेल, हे मनात आलं. मी एवढंच सांगितलं की अक्षता भोकात गेल्या, म्हणून त्याची वाचा गेली होती. दसऱ्यापासून कुणालाच ऐकू येत नव्हतं. मलासुद्धा.

त्यांनी माझ्या तळहाताकडे बघितलं. "म्हंजी तू न्हवता बंद केला?"

मी नाही, आबा.

"मंग मीच केला म्हन की." आणि हसले, ग. किती दिवसांनी हसले. वैरण झाल्यावर स्वतःच खाट उचलून ओसरीत आणली, खिडकीखाली.

अक्षत मी टाकली नाही. देव्हाऱ्यात ठेवली आहे.

आता एक माझ्या मनचं. त्या नळ्यांमध्ये एफ-चार दाबलं की दुसऱ्या नळ्या येतात, इकडचा आवाज तिकडे नेणाऱ्या. हे तू सांगितलं नव्हतंस, मी दाबत दाबत शोधलं. माईकची नळी पायाशी होती. वाढवली. स्वतःचा आवाज भरून पाहिला, तर माझ्या आवाजामागे ओसरीतलं सगळं. आबांचा खोकला, काठी, गाईची घंटा, दाव्याला पीळ घालताना ते स्वतःशीच पुटपुटतात तेही.

रविवारी तुझं थोडं बोलणं झालं की मी पाणी प्यायला म्हणून उठेन. तेव्हा काही बोलू नकोस. नुसतं ऐक. एकानंच का ऐकायचं?

बाबा

*

पिंपळवंडी, २० ऑक्टोबर

चिरंजीव स्नेहल,

आज पहिली आंघोळ. उटणं लावून आबा ओसरीत बसले आहेत. बसल्या जागेवरून हुकूम आला आहे की पाडव्याला मशीन पुजायचं, पण आधी त्याच्या भोकावर चिकटपट्टी लावा. लावली.

काल जे झालं ते तुला ऐकू आलं, पण दिसलं नसेल. म्हणून लिहून ठेवतो.

तू जावईबापू संयमरावांच्या नव्या नोकरीचं सांगत होतीस. ओसरीत हात थांबलेले होते. मी आईला खूण केली, पाणी प्यायला उठलो आणि माजघराच्या दारात उभा राहिलो. तू कबूल केल्याप्रमाणे गप्प झालीस. आत शांत, बाहेर शांत. तू तिकडे काय काय ऐकलंस ते मला माहीत नाही. मी इथून पाहत होतो. आबांनी थोडा वेळ वाट पाहिली. दावं मांडीवरून खाली ठेवलं. कानामागे हात धरला. खिडकीकडे सरकले. मग त्यांचा चेहरा उतरला, आठवड्यापूर्वी गोठ्याकडे खाट नेताना होता तसा.

"गोरख," त्यांनी हाक मारली, "आवाज गेला का रं पुन्हा?"

मी ओ देणार होतो. माझ्याआधी तू बोललीस.

"नाही आबा. आहे मी."

केवढा मोठा आला तुझा आवाज. मी नळ्या काठोकाठ भरून ठेवल्या होत्या, भिंतीवरचं कॅलेंडर हललं. आबा दचकून उभे राहिले. आता ते पायऱ्या उतरून पाराकडे जाणार, असं मला वाटलं, आणि मी मनातल्या मनात देवाचा धावा केला. त्यांनी पायऱ्यांकडे बघितलंही. मग डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली, आणि काठी न घेता आत आले. कॉम्प्युटरपुढच्या माझ्या खुर्चीवर बसले नाहीत. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. पडद्याकडे न बघता, तुझ्या त्या डब्याकडे बघत म्हणाले, "मंग बोल की."

आणि तू बोलेनास.

तुझे खांदे हलताना मला दिसत होते. आबांना जवळचं नीट दिसत नाही. ते थांबले, थांबले, आणि माझ्याकडे वळून वैतागून म्हणाले, "गेला बग परत. तुमी नीट बसवलंच न्हाई."

मी पुढे होऊन पाहिलं. सगळ्या नळ्या भरलेल्या होत्या. सगळीकडे दोन गोल.

"आवाज आहे, आबा," मी म्हटलं. "थांबा जरा. येईल."

बाबा